तो कागद कुठं आहे?

सांगायला संकोच वाटतो, पण गेली पंधरा वर्षे मी वर्गात एक गोष्ट मोठ्या झोकात सांगत आले. शुद्धलेखनाचा तास आला की फळ्यावर ‘धरावे’ लिहायचे, ‘ध’ पुसून ‘मा’ करायचा आणि म्हणायचे, “पाहा, एका अक्षरापायी पेशव्याचा जीव गेला!” वर्ग हमखास शांत व्हायचा.

यंदा मात्र मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि तिने विचारले, “मॅडम, तो कागद कुठं आहे?”

मी म्हटले, “इतिहासात आहे.” उत्तर देताना माझेच मला ते पोकळ वाटले. तास संपल्यावर वाचनालयात जाऊन बसले, ती चांगली आठवडाभर.

जे पक्के आहे ते थोडके आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्यात शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना ठार मारले. त्यांचे वय अवघे अठरा. चुलते रघुनाथराव त्याच वाड्यात नजरकैदेत होते. पुढे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली आणि दोष ठेवला तो रघुनाथरावांवर.

आता ‘ध’चा ‘मा’. मी पाहिलेल्या पुस्तकांत गोष्ट सगळीकडे भेटली, अक्षर बदललेला कागद छापलेला मात्र कुठेच आढळला नाही. (शिवाय त्या काळचा कारभार मोडीत; मी आपली फळ्यावर देवनागरीतला ‘ध’ पुसत होते! मराठीची प्राध्यापिका म्हणवणारीला हे आधी सुचू नये?) बखरी म्हणजे बहुधा घटना होऊन गेल्यावर, ऐकीव माहितीवर आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून लिहिलेल्या. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हापासून ते बखरीपेक्षा त्या वेळच्या अस्सल पत्राला मान द्या म्हणून कंठशोष करीत होते. आम्ही राजवाड्यांना वंदन करतो आणि गोष्ट बखरीतलीच सांगतो.

मग मी पेन्सिल घेऊन एकेक पान पुन्हा वाचले. तारीख, जागा, कुणी काय केले, याखाली सरळ रेघ. ‘कपटी’, ‘कारस्थानी’, ‘पाताळयंत्री’ याखाली वेडीवाकडी. गंमत अशी की आनंदीबाईंच्या वाट्याला जवळजवळ सगळ्या वेड्यावाकड्याच रेघा आल्या. रघुनाथरावांसाठी विशेषणे कोणती? ‘शूर, पण बायकोच्या आहारी गेलेले.’ इथे माझी पेन्सिल थांबली. ही गोष्ट खरी मानली तर ओझे कुणाचे हलके होते? ज्यांना शास्त्रीबुवांनी दोषी ठरवले त्यांचेच! त्यांनी बिचाऱ्यांनी नुसते ‘धरा’ म्हटले होते. केले ते बाईने. आनंदीबाई निर्दोष होत्या असे मी म्हणत नाही, कारण त्यालाही माझ्याजवळ कागद नाही. पण मीही बाईच, आणि पंधरा वर्षे मला ही शंका आली नाही, कारण गोष्ट रंगत होती आणि टाळ्या मला मिळत होत्या.

पुढच्या तासाला मी वर्गात चूक कबूल केली. मुले हसली. त्या मुलीने मात्र मान खाली घातली. तिलाच अवघडल्यासारखे झाले असावे.

त्याच आठवड्यात थोरल्या नणंदबाई आल्या. भाच्यासाठी नाशिकची एक मुलगी सांगून आली होती. पत्रिका जुळली होती, फोटो पसंत होता. पण वन्संचा चेहरा उतरलेला.

“वहिनी, नको बाई ते स्थळ. त्यांच्या शेजारणीनं फोनवर सांगितलं, मुलगी म्हणजे अगदी आनंदीबाई आहे!”

“म्हणजे काय केलं तिनं?” मी विचारले.

“म्हणजे... तशी आहे म्हणे. वरचढ.”

“ते शेजारणीचं मत झालं, वन्सं. केलं काय ते सांगा.”

वन्सं जरा विचारात पडल्या. “लग्नानंतर नोकरी सोडणार नाही म्हणाली. आणि मागं एका मुलाकडच्यांना, देण्याघेण्याचं बोलायचं तर उठा म्हणाली.”

“आणि शेजारणीला लग्नाची मुलगी आहे का हो?”

वन्संनी माझ्याकडे पाहिले, चहाची कपबशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, “आहे. तिचाही फोटो तिनं पाठवलाय.”

मग पर्समधला मोबाईल काढून त्या नाशिकच्या गाडीची वेळ विचारू लागल्या.