शस्त्रक्रियेच्या रीतीवर मालकी कोणाची?

बालाघाट जिल्ह्यातील एखाद्या आजीबाईंचा मोतीबिंदू काढताना डोळ्याला छेद कोठे व कसा द्यावा, यासाठी डॉक्टरांस कोणाची परवानगी मागावी लागत नाही. आपणांस हे स्वाभाविक वाटते. अमेरिकेत मात्र यावरून खटला झाला. सॅम्युएल पॅलिन या नेत्रशल्यविशारदाने टाक्यावाचून मिटणाऱ्या अशाच एका छेदाचे पेटंट, म्हणजे एकस्व, १९९२ साली मिळविले आणि पुढे जॅक सिंगर या दुसऱ्या डॉक्टरवर दावा लावला. १९९६ साली त्या छेदावरील हक्क न्यायालयात रद्द ठरले. त्याच वर्षी तेथील विधिमंडळाने डॉक्टरांस अशा दाव्यांपासून संरक्षण दिले. पण रीतीचे पेटंट देणे थांबविले नाही.

याच्या दोनशे वर्षे आधी पुण्याजवळ काय घडले ते पाहा. इंग्रज फौजेतील कावसजी नावाचा बैलहाक्या १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला व त्याचे नाक कापण्यात आले. वर्षभराने वीटकाम करणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. प्रथम मेणाचे नाक घडविले, ते सपाट करून कपाळावर आखून घेतले, तेवढी कातडी सोडवून खाली वळविली आणि कातेच्या लेपाने चिकटविली. दोन भुवयांमधला सांधा मात्र सुमारे २५ दिवस राखला. दोन इंग्रज डॉक्टरांनी हे पाहिले. १७९४ साली ही हकीकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापली गेली, आणि ती रीत १८१४ साली जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये वापरली. त्या कारागिराचे नावसुद्धा मासिकाने दिले नाही, मग मोबदल्याची गोष्ट दूरच! याची खंत आम्हांस वाटते. तरीही ती रीत कोणी कुलपात ठेवली असती, तर किती चेहरे तसेच राहिले असते?

संशोधकाच्या श्रमाचे चीज व्हावे, हे आम्हांस मान्य आहे. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याने त्याची मर्यादा आखली आहे. डोळ्यात बसविण्याचे भिंग खरोखर नवे असेल तर त्यास २० वर्षांचे पेटंट मिळू शकते. ते बसविण्याच्या रीतीस नाही. तिसऱ्या कलमाने माणसांवरील औषधोपचार, शस्त्रक्रिया व रोगनिदान यांच्या रीती पेटंटबाहेर ठेवल्या आहेत. जनावरांस रोगमुक्त करण्याच्या रीतींसही तोच नियम आहे. तेव्हा गोठ्यातील बैलाची काळजीही शेतकरी वाचकांनी करू नये.