हिंवाळ्यांतील पाहुणचार व घरचा तांदूळ

कार्तिक लागून हलकें धान कापणीस आलें, कीं आमच्या भंडारा जिल्ह्यांत पाहुण्यांचे दिवस सुरू होतात. भाऊबीजेपासून गांवोगांव मंडया भरूं लागतात. आज एका गांवची, उद्यां शेजारच्या गांवची, असे दिवस वांटलेले असल्यामुळें सोयऱ्यांस एकमेकांकडे जातां येतें. दिवसा दुकानें व खेळ, रात्रीं दंडार अथवा नाटक, आणि या दोहोंच्या मध्यें घरची पंगत. १ मे १९९९ रोजीं गोंदिया जिल्हा आमच्या जिल्ह्यापासून वेगळा झाला. दप्तरें वांटलीं गेलीं. परंतु मंडईच्या पाहुण्यांनीं ती सीमा कधींच मानली नाहीं. पुढें मध्यम व भारी धान घरीं येतें, थंडी वाढते, आणि पौष-माघापर्यंत कोणाच्या ना कोणाच्या घरीं पानग्यांचा अथवा भरताचा बेत ठरतच असतो. या हिंवाळी पाहुणचाराविषयीं शेतकऱ्याच्या दृष्टीनें चार गोष्टी वाचकांपुढें मांडाव्या, असा आमचा हेतु आहे.

यास निमित्त आमच्याच घरचें आहे. कांहीं वर्षांपूर्वीं मंडईस आमची वृद्ध आत्या आली होती. पानावर भात वाढला. तिनें पहिला घांस घेतला, बोटांनीं एक शीत दाबून पाहिलें आणि विचारलें, "कोणत्या बांधीचा तांदूळ गा हा?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. त्या सालचें हलकें धान खळ्यावरूनच विकलें होतें, मागील सालचें शिल्लक ठेवलें नव्हतें, आणि मंडईकरितां तांदूळ पेठेंतून आणला होता. आत्या पुढें कांहीं बोलली नाहीं. तिनें जेवण पुरतें केलें. परंतु आमच्या शेतांतील एकूणएक बांधी तिला नांवानें ठाऊक होती. लहानपणीं रोवणीच्या वेळीं तिचे पाय त्याच चिखलांत होते. माहेरच्या जमिनीचा घांस आपल्या वाट्यास येतो कीं नाहीं, एवढेंच तिला पाहावयाचें होतें. पुढील मंडईस ती या जगांत नव्हती.

असें कां होतें? पूर्वीं धान कापून, भारे बांधून, खळ्यावर रचून ठेवीत व सवडीनें चुरणी करीत. घरचें, बियाण्याचें व विकण्याचें धान त्या वेळींच वेगळें पडे. आतां यंत्र शेतांत उतरतें, कांहीं तासांत कापणी व मळणी दोन्ही आटोपतात, आणि पोतीं तेथूनच खरेदी केंद्राकडे किंवा व्यापाऱ्याकडे जातात. शिवाय अधिक उताऱ्याच्या जाती आल्यामुळें चिन्नोरासारखें सुवासिक, उंच वाढणारें, वाऱ्यानें लोळणारें व कमी पिकणारें धान मागें पडलें. भंडारा चिन्नोर तांदुळास अलीकडे भौगोलिक मानांकन लाभलें आहे. परंतु तो लावणाऱ्याच्याच ताटांत नसेल, तर त्या मानाचा घरास उपयोग काय? धान विकूं नये, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. शाळा, दवाखाना व कर्जाचा हप्ता रोकडीवांचून भागत नाहींत. विकण्यापूर्वीं पाहुण्यांचा वाटा बाजूस काढावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.

हा वाटा किती? आयुष्य महसुली कारकुनींत गेल्यामुळें हिशोब मांडल्यावांचून आम्हांस चैन पडत नाहीं. एका पंगतीस २० माणसें, दर माणशीं १५० ग्रॅम तांदूळ, म्हणजे एका पंगतीस ३ किलो. हिंवाळ्यांत अशा १० पंगती धरल्या तर ३० किलो. गांवच्या गिरणींत १०० किलो धानास ६० किलो तांदूळ एवढाच उतारा धरला, तर ५० किलो धान पुरे. सुवासिक धानाचें उत्पन्न एकरीं ८ क्विंटल इतकें बेताचें धरलें, तरी एका गुंठ्यास २० किलो पडतें. अर्थात् अडीच गुंठे जमीन पुरते. ज्यास एकच एकर आहे, त्याच्याहि जमिनीचा हा सोळावा हिस्सा होय.

राखून ठेवावयाचें तें धानच ठेवावें. तांदूळ काढून ठेवूं नये. तूस हें दाण्याचें कवच आहे. तें असेपर्यंत किडीचा उपद्रव कमी होतो. धान उन्हांत चांगलें वाळवावें. ओलावा शेंकडा १४ हून अधिक राहिल्यास बुरशी धरते. मग शेणानें सारवलेल्या ढोलींत अथवा कोरड्या पत्र्याच्या कोठींत भरून ठेवावें व लागेल तसें गिरणीस न्यावें. याचा दुसरा लाभ स्वयंपाकांत दिसतो. नवा तांदूळ शिजतांना मऊ व चिकट होतो, म्हणून त्यास पाणी कमी घालावें लागतें. कांहीं महिने मुरलेला तांदूळ अधिक पाणी घेतो, फुगतो, आणि त्याचें शीत मोकळें राहतें. यास्तव मंडईच्या भातास मागील सालचें चिन्नोर वापरावें; नवें भारी धान तोंवर तयारहि झालेलें नसतें. नव्या तांदुळाची खीर करावी, किंवा पीठ दळून भाकरी व आयते करावे. तेथें चिकटपणा हाच गुण ठरतो.

तोंडींलावणेंहि शेतांतूनच निघतें. धुऱ्यावर तूर लावण्याची आपल्याकडील चाल उत्तम आहे. तिला वेगळी जमीन लागत नाहीं; हिरव्या शेंगा उकडून पाहुण्यांपुढें ठेवतां येतात, पुढें डाळ होते, आणि वाळलेल्या तुऱ्हाट्यांच्या जाळावर भरताचीं वांगीं भाजतां येतात. वांगें जाळावर फिरवून साल पूर्ण करपूं द्यावी, मग सोलून त्यांत हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात व सांभार घालून कुटावें. पानगे करावयाचे तर कणिक घट्ट मळून, जाड थापून, पळसाच्या पानांमध्यें घालून गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजावे. धानाच्या ओलीवर उतेरा म्हणून पेरलेल्या लाखोळीचा कोंवळा पाला भाजीस रुचकर लागतो. तिच्या डाळीविषयीं मात्र सावध असावें. महिनोन्महिने तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पाय कायमचे लुळे पडतात, हें दुष्काळांच्या अनुभवानें सिद्ध झालें आहे.

आतां पंगतींत कोणास बोलवावें, याचा विचार करूं. आमच्या दप्तरांत निस्तारपत्रक असे. गांवकऱ्यांनीं सरपण कोठून आणावें, गुरें कोठें चारावीं, असे हक्क त्यांत लिहिलेले असतात. रोवणीस आलेल्या बाईस त्या बांधीच्या भाताचा घांस मिळावा, असा हक्क मात्र कोणत्याहि कागदांत नाहीं. तो शेतकऱ्यानें आपल्या मनांत नोंदवून ठेवावयाचा आहे. पूर्वीं कित्येक घरीं पंगती जातीजातीच्या असत आणि राबणाऱ्यास अंगणांत निराळें वाढीत. ती रीत चांगली नव्हती. ती गेली तर शोक करण्याचें कारण नाहीं. आषाढाच्या चिखलांत एका रांगेंत रोवणी होते, तर कार्तिकांत एका रांगेंत जेवण कां होऊं नये? यंत्र आल्यापासून कापणीचीं माणसें शेतांत येईनाशीं झालीं आहेत. म्हणून त्यांस मुद्दाम घरीं बोलावणें आतां अधिकच अगत्याचें आहे. उद्यां पूर आला, बैल पडला, अथवा घरांत आजार शिरला, तर प्रथम हींच माणसें धांवून येतात.

आम्हीं स्वतः तळ्याखालच्या बांधींतील अडीच गुंठ्यांचा कोपरा चिन्नोराकरितां राखला आहे. तो भात खाण्यास आत्या राहिली नाहीं. तिची मुलगी मंडईस येते. गेल्या मंडईस तिनें कांहीं विचारलें नाहीं. आम्हींच वाढतां वाढतां सांगितलें, "ताई, हा तळ्याखालच्या बांधीचा." तिनें मान हालवली व आणखी थोडा भात मागून घेतला.

सभासद बंधूंनीं यंदाचीं पोतीं शिवण्यापूर्वीं ५० किलो धान बाजूस ठेवावें, अशी आमची नम्र विनंती आहे.