घरबसल्या रेडिओ – ४ : विमानाचा ठावठिकाणा

काही हजार रुपयांत मिळणाऱ्या डोंगलमधली रिअलटेकची आरटीएल२८३२यू ही चिप मुळात संगणकावर टीव्ही पाहता यावा म्हणून बनली. तिच्यातून लहरींचे कच्चे आकडे बाहेर काढायची वाट हौशी मंडळींनी २०१२ च्या सुमारास सर्वांसाठी खुली केली, इथवर आपण गेल्या आठवड्यात आलो. आता त्या आकड्यांचं करायचं काय? श्रीगणेशा करायला विमानं उत्तम. ती दिवसरात्र बोलतात आणि सांकेतिक भाषेचा पडदाही ठेवत नाहीत.

बहुतेक प्रवासी विमानं १०९० मेगाहर्ट्झवर आपला ठावठिकाणा आपणहून सांगत जातात. या पद्धतीला एडीएस-बी म्हणतात. संदेश ११२ बिटांचा, आणि एका बिटाच्या वाट्याला एक मायक्रोसेकंद. त्याच्या पहिल्या अर्ध्यात स्पंद आला तर १, दुसऱ्या अर्ध्यात आला तर ०.

डोंगल सेकंदाला २० लाख नमुने सहज घेतो. म्हणजे प्रत्येक बिटामागे दोन. पहिला नमुना दुसऱ्याहून मोठा असेल तर १, नाहीतर ०. एवढी तुलना जुना लॅपटॉपही करतो. रेडिस या डेटाबेसचे जनक साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी लिहिलेला ‘डम्प१०९०’ हा मोफत प्रोग्राम याच युक्तीवर उभा आहे. पूर्वी ज्याला वेगळं यंत्र लागलं असतं, ते काम इथे प्रोग्रामने उचललं.

त्या ११२ बिटांत २४ बिट विमानाच्या ओळखक्रमांकाचे. यादीत ८० ते ८३ या आकड्यांनी सुरू होणारा क्रमांक दिसला, तर विमान भारतात नोंदलेलं. शेवटचे २४ बिट संदेश शाबूत आला की नाही ते तपासायला. अक्षांश-रेखांश मात्र एका संदेशात पुरते मावत नाहीत. ते आलटून पालटून दोन प्रकारच्या संदेशांत येतात आणि जोडी जमल्यावरच जागा पक्की होते. म्हणून नवं विमान आधी नुसता क्रमांक आणि उंची घेऊन यादीत येतं, नकाशावर थोड्या वेळाने उमटतं.

अँटेना पूर्ण ताणण्याचा मोह आवरा. इथली तरंगलांबी साडेसत्तावीस सेंटिमीटर. तिचा चौथा भाग, म्हणजे जेमतेम सात सेंटिमीटरची उभी तार पुरते. खरा फरक पडतो तो जागेने. या लहरी सरळ रेषेत येतात. दहा किलोमीटर उंचीवरचं विमान मोकळ्या गच्चीवरून तत्त्वतः चारशे किलोमीटरपर्यंत ऐकू येऊ शकतं, पण खोलीच्या भिंती त्यातलं बरंच खातात. पुण्याच्या गच्चीवरून मुंबईला उतरणारं विमान शेवटच्या टप्प्यात यादीतून गळतं, ते मध्ये सह्याद्री आहे म्हणून. अशा वेळी महागडा डोंगल घेऊन उपयोग नाही.

पुढच्या आठवड्यात हाच डोंगल १४२० मेगाहर्ट्झवर लावू. आकाशगंगेतला हायड्रोजन तिथे बोलतो, आणि तो ऐकायला खोडदच्या महाकाय दुर्बिणीएवढा पसारा लागत नाही.