जुन्या डेस्कटॉपला एसएसडी बसवताय? दुकानात जाण्याआधी बोर्ड पाहून घ्या

पीसीचं बटण दाबायचं, अम्मीला चहा टाकायला सांगायचं आणि चहा संपला की स्क्रीनवर आयकॉन दिसायचे. आमच्या घरात वर्षानुवर्षं हेच चालू होतं. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना पीसी हँग झाला की सगळे इंटरनेटला दोष द्यायचे. दोष आतल्या हार्ड डिस्कचा होता.

हार्ड डिस्कमध्ये चकती फिरत असते, साधारण मिनिटाला 5400 किंवा 7200 वेळा. डेटा वाचणारा हात त्या चकतीवर जागा शोधत पुढे-मागे सरकतो आणि सेकंदाला जेमतेम शंभर-सव्वाशे ठिकाणी पोहोचतो. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फायली उघडाव्या लागतात, मग वेळ लागणारच. एसएसडीमध्ये फिरणारं काही नसतं, सगळं चिपमध्ये. हवी ती फाइल क्षणात हाताशी येते.

हे कळल्यावर आम्ही उत्साहात बाजारात गेलो आणि तिथेच फसलो. डब्यावर '7000 एमबी प्रति सेकंद' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. दुकानदार म्हणाला, "कुठल्याही पीसीला चालते." घरी येऊन कॅबिनेट उघडलं, तर आमच्या जुन्या बोर्डवर ती पट्टी बसवायला जागाच नव्हती! परत करताना पैसे कापले गेले ते वेगळंच.

म्हणून आधी बोर्ड पाहा. विंडोजच्या सर्चमध्ये 'सिस्टम इन्फर्मेशन' शोधा, त्यात 'बेसबोर्ड प्रॉडक्ट'समोर बोर्डचं मॉडेल मिळतं. ते कंपनीच्या साइटवर टाकलं की कोणते स्लॉट आहेत ते समजतं. एम.2 हा लांबट स्लॉट नसेल तर अडीच इंची साटा एसएसडी घ्या. ती हार्ड डिस्कच्याच वायरींवर चालते. स्लॉट असला तरी एक गोम आहे. एम.2 हा फक्त आकार आहे. त्या आकारात साटा पट्टीही येते आणि एनव्हीएमईही. काही बोर्ड दोन्ही घेतात, काही एकच. शिवाय काही बोर्डांवर एम.2 वापरला की साटाचं एखादं पोर्ट बंद पडतं. दुसरी डिस्क अचानक 'गायब' झाली तर घाबरू नका, वायर दुसऱ्या पोर्टात लावून बघा.

आता वेगाबद्दल. साटा एसएसडी सेकंदाला साधारण 550 एमबी वाचते, जेन 3 एनव्हीएमई 3500 पर्यंत, जेन 4 सुमारे 7000 आणि जेन 5 त्याच्याही दुप्पट. आकडे डोळे दिपवणारे आहेत. पण हे मोठी फाइल सलग वाचतानाचे आकडे. फॉर्म, अभ्यास, टॅली, ब्राउझर एवढंच काम असेल तर साटा आणि जेन 4 मधला फरक जाणवणारही नाही. हार्ड डिस्कवरून साटावर आल्याचा फरक मात्र घरातल्या आजीलाही कळेल. घरात कुणी लग्नाचे व्हिडिओ एडिट करत असेल तर जेन 4 वर खर्च करा, तिथे पैसे वसूल होतात. फक्त जेन 4 ची पट्टी जेन 3 स्लॉटमध्ये लावली तर जेन 3 च्याच वेगाने चालते, हे लक्षात ठेवा.

वेगापेक्षा आम्ही आता आतली चिप विचारतो. टीएलसी असेल तर उत्तम. क्यूएलसी स्वस्त पडते, पण एकदम मोठा डेटा टाकला की सुरुवातीचा वेग ओसरतो आणि कधी कधी हार्ड डिस्कइतकी रखडते. टीबीडब्ल्यू म्हणजे वॉरंटीत एकूण किती टेराबाइट लिहिता येतात तो आकडा. सॅमसंग 990 प्रो किंवा डब्ल्यूडी ब्लॅक एसएन850एक्स यांच्या 1 टीबी मॉडेलला तो 600 आहे, वॉरंटी 5 वर्षं. रोज 50 जीबी लिहिलं तरी 600 गाठायला तीसेक वर्षं लागतील. तेव्हा 'एसएसडी लवकर झिजते' या भीतीने घरगुती ग्राहकाने अडून राहू नये.

ऑनलाइन दोन-अडीच हजारांत '16 टीबी' दिसली तर हात लावू नका. त्यात छोटी चिप असते आणि ती खोटी क्षमता दाखवते. भरली की जुन्या फायलींवरच नव्या लिहिल्या जातात. 1 टीबीची एसएसडी विंडोजमध्ये 931 जीबी दिसते, ती मात्र फसवणूक नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे.

एसएसडी बसली, विंडोज आलं, म्हणजे जुनी डिस्क लगेच भंगारात देऊ नका. आमच्या डिस्कवर बहिणीच्या निकाहाचे सगळे फोटो होते. एसएसडी बिघडते तेव्हा अनेकदा काही न सांगता बंद पडते आणि तिच्यावरून पुसलेली फाइल परत मिळणं हार्ड डिस्कपेक्षा अवघड असतं. म्हणून ती जुनी डिस्क आम्ही फोटोंची दुसरी प्रत म्हणून कपाटात ठेवली आहे. विकायचीच असेल, तर आधार-पॅनचे स्कॅन आणि घरच्यांचे फोटो नुसते डिलीट करून भागत नाही. ओळखीच्या माणसाकडून ती पूर्ण पुसून घ्या, मगच हातातून सोडा.