सँटोरिनीचं बुडालेलं दप्तर

टाचा घासायला बाजारात मिळणारा हलका, सच्छिद्र दगड म्हणजे प्युमिस. शिलारस वर येताना त्याच्यावरचा दाब उतरतो, आत विरघळलेली वाफ फसफसते आणि रस चिकट असल्यामुळे बुडबुड्यांसकट गोठतो. आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट पातळ लाव्हा वाहून थिजलेला आहे. त्यामुळे स्फोटात उडालेल्या प्युमिसच्या भिंती आपल्याला पाहायला मिळत नाहीत. ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर मात्र त्या जागोजागी उभ्या आहेत.

त्यांच्याकडे शास्त्राचं लक्ष गेलं ते कंत्राटदारांमुळे. सुएझ कालव्याचं काम १८५९ ते १८६९ चाललं, तेव्हा इथली राख आणि प्युमिस जहाजं भरभरून तिकडे गेली. चुन्यात ही राख मिसळली की पाण्याखालीही घट्ट होणारं सिमेंट तयार होतं. शेजारच्या थिरासिया बेटावर खणताना प्युमिसखाली घरांच्या भिंती लागल्या. १८६६मध्ये बेटांच्या मधोमध नवा उद्रेक सुरू झाला, तो पाहायला फ्रेंच भूशास्त्रज्ञ फर्दिनांद फूके आला आणि या गाडलेल्या घरांतही गुंतला. १८७९मध्ये त्याचा सँटोरिनीवरचा जाडजूड ग्रंथ निघाला. पुढे १९६७मध्ये स्पिरिडॉन मारिनाटोस यांनी आक्रोतिरीला उत्खनन सुरू केलं आणि कांस्ययुगातलं अख्खं गाव राखेतून वर आलं.

खाणीतल्या कड्यासमोर उभं राहून हे गाव गाडणारा उद्रेक खालून वर वाचता येतो. तळाशी बारीक राखेचा पातळ थर असतो. ही नुसती चुणूक. त्यावर प्युमिसच्या खड्यांचा थर, काही ठिकाणी ६ मीटरपर्यंत जाड. हे खडे सुमारे ३६ किलोमीटर उंच गेलेल्या राख-प्युमिसच्या स्तंभातून पावसासारखे पडले. जागोजागी थराची जाडी आणि सगळ्यात मोठ्या खड्यांचा आकार मोजत गेलं, की मुख कुठे होतं, वारा कुठल्या दिशेचा होता, स्तंभ किती चढला, सगळं हाती येतं. इथला वारा आग्नेय-पूर्वेकडे वाहत होता. आणखी वर थर लाटांसारखे तिरपे होतात, कारण मुखात समुद्राचं पाणी शिरलं आणि राखेचे लोट जमिनीलगत धावले. त्याच्या वर पुरुषभर उंचीचे धोंडे पोटात घेतलेली पांढरी रास.

आक्रोतिरीत माणसांचे सांगाडे मिळाले नाहीत. उद्रेकाआधीच्या भूकंपानंतर ढिगारा उपसायला सुरुवात झाली होती, पलंग घराबाहेर काढलेले होते. लोकांना सावरायला अवधी मिळाला, असंच यावरून दिसतं.

उद्रेकाच्या सालावरून मात्र अजून जुंपलेली आहे. प्युमिसमध्ये उभ्या गाडल्या गेलेल्या ऑलिव्हच्या फांदीवरून २००६मध्ये इसवी सनापूर्वी १६२७ ते १६०० हा काळ निघाला. मडकी आणि इजिप्तचे दुवे धरून चालणारे पुरातत्त्वज्ञ बरेच अलीकडे येतात. २०१८मध्ये वृक्षवलयांवरून कार्बन-मापनाची पट्टीच सुधारली आणि सोळावं शतकही शक्यतेत आलं. या शंभरेक वर्षांच्या फरकावरच्या वादाने लागतं त्याहून जास्त लक्ष खाल्लं, असं मला वाटतं. त्याच प्युमिसमधल्या स्फटिकांनी सांगितलेली गोष्ट जास्त अस्वस्थ करणारी आहे. स्फटिकांच्या वलयांतली रसायनं किती मिसळली हे मोजून २०१२मध्ये टिमोथी ड्रुइट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ज्वालामुखीखालच्या कोठीत नव्या शिलारसाची मोठी भर स्फोटाआधीच्या शंभरेक वर्षांत पडली. हजारो वर्षांच्या शांततेनंतर ही तयारी एका माणसाच्या आयुष्याच्या मापात उरकली.

बेटाच्या कड्यांत असे मोठे उद्रेक गेल्या सुमारे ३,६०,००० वर्षांत बारा मोजले आहेत. पण बेटावर पडतं त्याहून कितीतरी जास्त समुद्रात जातं. २०२२च्या डिसेंबरपासून २०२३च्या फेब्रुवारीपर्यंत ‘जॉइडिस रेझोल्यूशन’ या जहाजाने इथल्या समुद्रतळाला भोकं पाडली. त्यांतून सुमारे ५,२०,००० वर्षांपूर्वीचा, पाण्याखालीच झालेला एक महाउद्रेक उघड झाला. त्याचं प्युमिस ९० घन किलोमीटरहून जास्त भरतं, पण जमिनीवर जवळच्या तीन बेटांवर त्याचा जेमतेम मागमूस उरलाय.

त्याहून कळीचा शोध इसवी सन ७२६च्या उद्रेकाबद्दलचा. बायझंटाइन इतिहासकार थिओफॅनिसने लिहून ठेवलंय, की तेव्हा प्युमिस तरंगत थेट आशिया मायनर आणि मॅसेडोनियाच्या किनाऱ्यांना लागलं. सम्राट तिसऱ्या लिओने तो देवाचा कोप मानला आणि धर्मचित्रांविरुद्ध मोहीम उघडली, असंही तो म्हणतो. बेटावर त्या उद्रेकाचं प्युमिस इतकं थोडं, की भूशास्त्रज्ञ त्याला किरकोळच धरत आले. २०२४मध्ये, कॅल्डेराच्या, म्हणजे बेटांमधल्या खचलेल्या ज्वालामुखी-विवराच्या, तळाशी सापडलेल्या प्युमिस-राखेच्या थरावरून त्याचं आकारमान ३.१ घन किलोमीटरपर्यंत असावं असा हिशेब आला. थिओफॅनिसचं प्युमिस किनाऱ्यांना लागलं ते उगाच नव्हे.

यामुळे धोक्याचं गणित बदलतं. मोठ्या स्फोटानंतर हजारो वर्षं ज्वालामुखी फक्त लाव्हा ओकत पुन्हा भरत राहतो, १९५०चा शेवटचा उद्रेक छोटा होता, तेव्हा पुढचाही तसाच असेल, हा हिशेब आता टिकत नाही. सातेक किलोमीटरवर कोलुम्बो हा पाण्याखालचा ज्वालामुखीही आहे. १६५०मध्ये तो फुटला तेव्हा विषारी वायूंनी बेटावर सुमारे ७० माणसं दगावली. २०२५च्या सुरुवातीला सँटोरिनी आणि अमोर्गोस या बेटांच्या मधल्या पट्ट्यात हजारो भूकंप झाले आणि दहा हजारांहून जास्त लोक बोटी-विमानं धरून बेटाबाहेर पडले. खाली शिलारस सरकला होता. या वेळी तो वर आला नाही.