पिंपातल्या वर्गणीचा हक्क : हिरोशिमा कार्पची पंचाहत्तर वर्षे

जपानच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये संघ ओळखला जातो तो मालक कंपनीच्या नावाने. योमिउरी म्हणजे वृत्तपत्र, हानशिन म्हणजे रेल्वे, याकुल्ट म्हणजे पेय. गावाचे नाव असले तर असते, नसले तरी कुणाचे अडत नाही. १९४९च्या अखेरीस स्थापन झालेला आणि १९५०पासून सेंट्रल लीगमध्ये खेळणारा हिरोशिमा कार्प हा संघ या रीतीला अपवाद ठरला, कारण त्याच्यामागे कंपनीच नव्हती. हिरोशिमाच्या नद्यांत कार्प मासे आहेत, तिथल्या किल्ल्यालाही कार्पचा किल्ला म्हणत, म्हणून हे नाव. अणुबॉम्ब पडून जेमतेम साडेचार वर्षे झाली असताना हा संघ मैदानात उतरला. त्यामुळे त्याची कहाणी नेहमी राखेतून उठलेल्या शहराची कहाणी म्हणून सांगितली जाते. ती खोटी नाही. पण एकदा नव्हे, दोनदा पाव शतकभर विजेतेपद मिळाले नाही, तरी शहराने या संघाला का सोडले नाही, याचे उत्तर त्या कहाणीत सापडत नाही. माझ्या मते ते सापडते पैशाच्या व्यवहारात. मालक नव्हता तेव्हा लोकांनी आपल्या खिशातून पैसे घातले आणि त्यातून एक हक्क तयार झाला. पुढे मालक आला, पण त्या हक्काने त्यालाही बांधून ठेवले.

पहिल्या हंगामात संघाने ४१ सामने जिंकले आणि ९६ हरले. आठ संघांत आठवा. तरी हरण्यापेक्षा मोठी अडचण पगाराची होती. प्रांत, शहरे आणि स्थानिक उद्योग यांच्याकडून यायचे पैसे वेळेवर येत नव्हते, आणि १९५१च्या मार्चमध्ये संघ ताइयो संघात विलीन करण्यापर्यंत गोष्ट गेली. ते टळले ते शुइचि इशिमोतो या प्रशिक्षकामुळे. हिरोशिमाचाच हा माणूस, युद्धापूर्वी ओसाकाच्या टायगर्सना विजेतेपद मिळवून दिलेला. त्याने मैदानावरचे काम बरेचसे कात्सुमि शिराइशि या सहकाऱ्यावर सोपवले आणि स्वतः गावोगाव, कारखान्या-कारखान्यांत जाऊन समर्थक मंडळे उभी केली. मैदानाच्या दाराशी साकेची मोठी लाकडी पिंपे ठेवली गेली. तिकीट काढून आत जाणारा माणूस जाता जाता त्यात नाणे टाकी, जमले तर नोट टाकी. स्वतःच्या घराचे छप्पर अजून पक्के झालेले नसलेल्या माणसांनी टाकलेले हे पैसे होते. आपल्याकडे गणपतीची वर्गणी दिलेला माणूस मंडळाच्या मांडवात ज्या अधिकाराने उभा राहतो, नाराजीही ज्या अधिकाराने बोलून दाखवतो, तोच अधिकार त्या पिंपांनी हिरोशिमाच्या लोकांना दिला.

यावर रोकडा आक्षेप असा की, पिंपातल्या चिल्लरीने कुठला व्यावसायिक संघ चालतो? आक्षेप अर्धा बरोबर आहे. १९५२मध्ये विजयाचे प्रमाण तीस टक्क्यांखाली जाणाऱ्या संघाला लीगमधून काढायचे ठरले होते. कार्प त्या रेषेच्या किंचित वर राहिला आणि शोचिकु संघ खाली घसरून ताइयोत विलीन झाला. म्हणजे त्या वर्षी संघ वाचला तो मैदानावर. त्यात मोठा वाटा र्योहेइ हासेगावासारख्या पिचरचा. बुटक्या चणीचा हा खेळाडू चौदा हंगाम कार्पकडूनच खेळला. कारकीर्दीत १९७ विजय आणि २०८ पराभव हे त्याचे आकडे बघितले, की आधार नसलेल्या संघासाठी खेळणे म्हणजे काय ते कळते. १९५७मध्ये अणुबॉम्ब घुमटाच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, प्रकाशझोतांचे नगर स्टेडियम उभे राहिले ते स्थानिक कंपन्यांच्या देणग्यांतून. १९६८मध्ये मोटारी बनवणाऱ्या तोयो कोग्योचे, म्हणजे आजच्या माझ्दाचे, प्रमुख त्सुनेजि मात्सुदा यांनी संघाची सूत्रे हाती घेतली आणि नावात ‘तोयो’ आले. तेव्हा संघ मोठ्या पैशावर तगला, हे मान्यच करायला हवे. पण प्रश्न रकमेचा नाही. त्या मोठ्या पैशाने संघ दुसऱ्या गावी का नेला नाही? जपानमध्ये संघ विकले गेले, शहरे बदलली, नावे पुसली गेली. फुकुओकाचा संघ साइतामाला गेला, ओसाकाचा संघ फुकुओकाला. हिरोशिमात गावाचे नाव आणि माशाचे नाव दोन्ही टिकले. कारखाना त्याच भागातला, कामगार आणि प्रेक्षक एकच, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की मात्सुदांच्या हाती आलेल्या संघावर आधीच हजारो लोकांचा दावा होता.

१९७५ साली हा दावा फळाला आला. त्याआधी सलग तीन वर्षे संघ तळाशी होता. नवा अमेरिकी प्रशिक्षक जो लुट्झ याने टोप्यांचा रंग लाल केला. पंचांशी वाद होऊन तो एप्रिलमध्येच निघून गेला, पण रंग राहिला. त्याच्या जागी आलेल्या ताकेशि कोबा यांच्या हाताखाली, १५ ऑक्टोबरला तोक्योत योमिउरी जायंट्सला हरवून कार्पने पहिल्यांदा लीग जिंकली. शहरातल्या मिरवणुकीत रस्त्याच्या कडेला काही जण गेलेल्या नातेवाइकांच्या तसबिरी घेऊन उभे होते. अणुबॉम्बसारख्या गोष्टीला खेळाशी जोडणे उथळ आहे, असे म्हणणाऱ्यांचा संकोच मी समजू शकतो. पण ही जोडणी बाहेरच्या कुणी केलेली नाही. ‘हादाशि नो गेन’ या चित्रकथेचे कर्ते केइजि नाकाझावा स्वतः बॉम्बमधून वाचलेले आणि कार्पचे चाहते होते. संघाच्या जन्मावर त्यांनी वेगळी चित्रकथाही लिहिली. शिवाय शहराने या बाबतीत संयमही पाळला. १९५८नंतर ६ ऑगस्टला हिरोशिमात संघाचा सामना झाला नाही. तो खंड थेट २०११मध्ये संपला.

१९७५नंतरची काही वर्षे सोन्यासारखी होती. १९७९, १९८० आणि १९८४ची जपान सिरीज, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली अंतिम लढत, कार्पने जिंकली. हिरोशिमाचाच कोजि यामामोतो आणि १९८७मध्ये सलग सामने खेळण्याचा अमेरिकी खेळाडू लू गेहरिगचा विक्रम मोडणारा साचिओ किनुगासा ही त्या काळाची नावे. मग १९९१च्या विजेतेपदानंतर मोठा दुष्काळ आला. १९९३पासून खेळाडूंना ठरावीक वर्षे खेळल्यावर मनाजोग्या संघात जाण्याची मुभा मिळाली आणि श्रीमंत संघांनी कार्पने घडवलेले खेळाडू उचलले. एतो जायंट्सकडे गेला, कानेमोतो आणि आराइ हानशिनकडे. १९९८ ते २०१२ अशी सलग पंधरा वर्षे संघ सहांपैकी खालच्या तिघांत अडकला. इथे माझ्या म्हणण्याविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा उभा राहतो. संघाचे हिशेब या काळातही नफ्यात होते, मालक हात आखडून खर्च करत होते आणि स्टेडियमची बाके रिकामी पडत होती. मग लोकांचा हक्क कुठे गेला होता? मला वाटते, तो थकला होता, पण मेला नव्हता. २००४मध्ये ओसाकाचा किन्तेत्सु संघ विलीनीकरणात नाहीसा झाला, खेळाडूंनी संप केला आणि हिरोशिमाच्या मनात १९५१ जागे झाले. नव्या स्टेडियमसाठी पुन्हा पिंपे ठेवली गेली, पुन्हा लोकांनी पैसे टाकले. २००९मध्ये रेल्वे स्टेशनजवळ उघडलेले हे स्टेडियम शहराच्या मालकीचे आहे. माझ्दाचे आहे ते फक्त नाव. एक बाजू अशी मोकळी ठेवली आहे की शिन्कान्सेन या बुलेट ट्रेनमधून जाणाऱ्याला लाल गर्दी दिसते.

खेळाडूंनाही हा हक्क कळत होता. कार्पचा जुना पिचर हिरोकि कुरोदा याने अमेरिकेत मिळू शकणारा कितीतरी मोठा पैसा सोडला आणि २०१५मध्ये तो कार्पकडे परतला. त्याच वर्षी आराइही परत आला आणि पुढच्या वर्षी, चाळिशीला टेकलेला असताना, लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०१६, २०१७ आणि २०१८ अशी तीन वर्षे लागोपाठ लीग जिंकली, पण जपान सिरीज काही हाती आली नाही. देशभरातल्या तरुण मुली लाल जर्सी घालून येऊ लागल्या आणि वर्षाचे प्रेक्षक वीस लाखांच्या पुढे गेले. मला खरी काळजी वाटते ती या भरभराटीची. २०१९च्या फेब्रुवारीत तिकिटांच्या सोडतीसाठी स्टेडियमपाशी सुमारे ५०,००० माणसे लोटली आणि गोंधळ उडाला. पिंपात नाणे टाकणाऱ्याचा नातू आज तिकिटाच्या रांगेत बाहेरगावच्या चाहत्यांच्या मागे उभा असू शकतो. गरिबीत हा हक्क आपोआप तयार झाला, कारण त्याच्याशिवाय संघच उरला नसता. तिकिटे हातोहात संपत असताना मालकाला सामान्य माणसाच्या नाण्याची गरज उरलेली नाही. स्थानिक शाळांतली मुले, कारखान्यातले कामगार आणि पेन्शनवर जगणारे म्हातारे यांच्यासाठी परवडणारी बाके राखून ठेवणे, हे कार्पच्या व्यवस्थापनाने आता चांगला पिचर शोधण्याइतकेच गंभीरपणे घ्यायला हवे.