न वाचता केलेली निशाणी

पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांच्या जमावाने सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. दख्खनचे दंगे या नावाने इतिहासात नोंदल्या गेलेल्या त्या प्रकरणाचे एक वैशिष्ट्य असे, की जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता. कर्जरोखे, खते, हुकूमनामे हाती लागतील तेवढे जाळावयाचे, आणि जेथे सावकाराने ते निमूटपणे दिले तेथे त्याला इजा न करता परत फिरावयाचे, असा प्रकार अनेक गावी घडला. त्याच वर्षी सप्टेंबरात ही ठिणगी तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील कोकरूडपर्यंत पोहोचली. ते कोकरूड आज सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यात आहे.

शेतकऱ्याचा हा संताप कागदावरच का? कारण तो कागद त्याचा असूनही त्याला वाचता येत नव्हता. सावकाराने लिहावे, त्याने खाली नांगराची निशाणी करावी, आणि आपण काय कबूल केले हे त्याला जमीन जाताना कळावे, असा तो व्यवहार होता. सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि १८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत होते. कुणब्याने करून द्यावयाचा दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा, तो त्याला वाचून दाखविला जावा, आणि वाद न्यायालयात गेल्यास न्यायाधीशाने केवळ रोख्याकडे न पाहता त्यामागील मूळ व्यवहार तपासावा, ही त्या कायद्याची मुख्य सूत्रे होती. सही आहे म्हणून संमती आहे असे समजू नये, हे तत्त्व आपल्या या भागात जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी मान्य झाले होते.

आज हे सारे आठवण्याचे कारण म्हणजे आपल्या खिशातील मोबाइल. सातारा-सांगलीतील आजचा शिक्षक, कारकून वा विद्यार्थी निरक्षर नाही. तरीही नवे ॲप घेताना पडद्यावर अटींचे जे लांबलचक पत्रक येते, ते वाचणारा मला अद्याप भेटावयाचा आहे. खाली ‘मान्य आहे’ असे बटण असते आणि आपण त्यावर अंगठा टेकवून मोकळे होतो. पूर्वी वाचता येत नसल्याने निशाणी होत असे, आता वाचता येत असून होते, एवढाच काय तो फरक.

खाजगीपणा ही पाश्चात्त्यांची चैन आहे, आपल्या समाजात तिचे काय काम, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी एकदा गुरांचा बाजार डोळ्यांसमोर आणावा. खिल्लार बैलाचा सौदा ठरविताना दलाल आणि शेतकरी रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव सांगत. भोवती माणसांचा गराडा असे, पण आकडा त्या दोघांपलीकडे जात नसे. ही केवळ गंमत नव्हती. आपण शेवटी कितीला देऊ हे चारचौघांत फुटले, की पुढच्या गिऱ्हाइकाशी घासाघीस करण्याची शक्तीच संपली, हे व्यवहारज्ञान त्या रुमालामागे होते. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे, तर स्वतःविषयीची माहिती आपल्या ताब्यात असणे हीच दुर्बळ पक्षाची सौदाशक्ती होय. आजचा मोबाइल हा रुमाल उचलून घेतो. आपण कोठे जातो, काय विकत घेतो, महिन्याच्या कोणत्या तारखेला आपले खाते रिकामे होते, हे समोरच्याला ठाऊक असते. त्याच्याविषयी आपल्याला मात्र काहीच ठाऊक नसते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या महाविद्यालयातील दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने परीक्षेचे शुल्क व खाणावळीचे पैसे भागविण्यासाठी मोबाइलवरील एका कर्जाच्या ॲपवरून तीन हजार रुपये घेतले. निरनिराळ्या नावांखाली कापून हाती आले दोन हजारांच्या आत, आणि मुदत आठवड्याची. मुदत टळली. चौथ्या दिवशी मला अनोळखी क्रमांकावरून संदेश आला, की अमुक विद्यार्थी चोर आहे आणि तुम्ही त्याचे हमीदार आहात. हाच संदेश त्याच्या मावशीला, गावच्या दूधसंस्थेच्या सचिवाला आणि बहिणीच्या सासरी गेला होता. कर्ज घेताना त्याने मोबाइलमधील नावांची यादी पाहण्याची परवानगी देऊन टाकली होती. त्याचे वडील दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात आले. रक्कम फिटली होती, पण पोराने काय केले हे गावाला सांगत कसा फिरू, एवढेच ते पुन्हा पुन्हा विचारीत होते. तो मुलगा पुढे दोन महिने वर्गात आला नाही.

‘माझ्याजवळ लपविण्यासारखे आहे तरी काय?’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर या प्रसंगात आहे. त्या यादीत माझा क्रमांक होता, आणि तो देण्यास मी संमती दिली नव्हती. कारखान्याने नदीत मळी सोडली तर तिची किंमत खालच्या गावांना मोजावी लागते. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. मोबाइलमधील परवानगीचेही तसेच आहे. मी निष्काळजीपणे दिलेल्या होकाराची किंमत माझे नातेवाईक, शेजारी आणि विद्यार्थी मोजतात. म्हणून हा प्रश्न प्रत्येकाने आपल्यापुरता पाहावा असा राहत नाही. तो सार्वजनिक ठरतो, आणि सार्वजनिक प्रश्नाला कायदा लागतो.

कायदा झालेला नाही असे नव्हे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने दिला. कर्ज देणाऱ्या ॲपनी मोबाइलमधील नावांची यादी, फायली आणि दूरध्वनींची नोंद यांना हात लावू नये, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये बजावले. ऑगस्ट २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. संमती मुक्त, नेमकी आणि समजून दिलेली असावी, कामाला आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती असावी, आणि तिची सूचना इंग्रजीप्रमाणेच आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत मिळावी, असे हा कायदा म्हणतो. म्हणजे मराठीत सूचना मागणे हा आपला हक्क आहे. १८७९ च्या ‘वाचून दाखविण्या’चेच हे नवे रूप म्हणावयास हरकत नाही.

परंतु या कायद्याचे दोन दोष लपवून चालणार नाही. माहितीच्या सुरक्षिततेत हयगय करणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे खरा, पण तो सरकारी तिजोरीत जमा होतो. ज्याची बेअब्रू झाली त्याला भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही. इतकेच नव्हे, तर माहिती-तंत्रज्ञान कायद्यात भरपाईचे जे कलम होते तेही या कायद्याने वगळण्याचे ठरविले आहे. दुसरे असे, की सुरक्षितता व सुव्यवस्था यांच्या नावाखाली शासनाच्या यंत्रणांना यातून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारने आपल्याकडे राखून ठेवला आहे. सावकारावर निबंधक नेमावा आणि निबंधकावर कोणीच नसावे, तसे हे झाले. नव्या मोबाइलमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप आधीच घातलेले असावे, असा आदेश २०२५ च्या अखेरीस निघाला आणि लोकांनी विरोध करताच डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो मागे घेण्यात आला. चोरीचे मोबाइल शोधण्याचा त्याचा हेतू चांगला होता. पण चांगल्या हेतूचे ॲपसुद्धा विचारून घ्यावे, हा धडा त्यातून सर्वांनी घेण्यासारखा आहे.

सारा दोष सामान्य माणसाच्या भोळेपणावर टाकणेही न्याय्य नव्हे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरांनी सुमारे ९४ कोटी रुपये पळविले, त्यात कोणा खातेदाराने आपला गुप्त क्रमांक सांगितलेला नव्हता. ज्या भागाचे अर्थकारण सहकारी बँका, पतसंस्था, साखर कारखाने व दूधसंघ यांवर उभे आहे, तेथील सभासदांनी वार्षिक सभेत लाभांशाबरोबरच ‘आमच्या माहितीच्या रक्षणावर काय खर्च केला?’ हाही प्रश्न विचारला पाहिजे.

मोबाइल बनविणाऱ्यांनी अलीकडे काही सोयी दिल्या आहेत, त्या जाणून घ्याव्यात. कॅमेरा वा ध्वनिग्राहक चालू असेल तर पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा वा नारिंगी ठिपका दिसतो. एखादी परवानगी फक्त ॲप वापरताना, किंवा एकदाच, देता येते. बरेच दिवस न वापरलेल्या ॲपची परवानगी आपोआप काढून घेतली जाते. सेटिंग्जमध्ये जाऊन कोणाला काय दिले आहे ते पाहता येते आणि दिलेले परत घेता येते. लग्नपत्रिका किंवा वाहनाच्या दंडाची पावती म्हणून आलेली एपीके फाइल उघडू नये, कारण ते पत्रक नसून आपल्या घरात घुसू पाहणारे ॲप असते. मोबाइलवरून कोणालाही अटक होत नाही. फसगत झालीच तर लाजून घरी न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत पैसे अडविता येण्याची शक्यता अधिक असते.

अशा सूचनांच्या पाट्या सर्वत्र लावल्या तरी फार फरक पडेल असे मला वाटत नाही. एकट्या माणसाला घाई असते, गरज असते आणि संकोच असतो. बदल घडतो तो गावाने मिळून ठरविले म्हणजे. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या ऑगस्टपासून सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास मोबाइल आणि दूरचित्रवाणी बंद ठेवण्याचा प्रघात पाडला. मुले अभ्यासाला बसावीत हा त्यामागील हेतू होता. एका घराने असे ठरविले असते तर चार दिवसांत मोडले असते. साऱ्या गावाने ठरविले म्हणून त्याला बळ आले.

याच धर्तीवर एक साधी सूचना करावीशी वाटते. आमच्या महाविद्यालयांतून राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी श्रमदानासाठी खेड्यांत जातात. त्यांनी आठवड्याच्या बाजारच्या दिवशी ग्रामपंचायतीच्या किंवा वाचनालयाच्या ओट्यावर एक टेबल मांडून बसावे. येईल त्याचा मोबाइल त्याच्याच हातात राहू द्यावा, गुप्त क्रमांक विचारू नये, आणि कोणत्या ॲपला काय परवानगी दिली आहे एवढे त्याला मराठीतून वाचून दाखवावे. हे राहू द्यायचे की काढायचे, हा निर्णय त्याचा त्याने घ्यावा. याला ना इमारत लागते, ना अनुदान. १८७९ मध्ये हे काम सरकारी निबंधकाकडे होते, आज ते आपल्या मुलांना सहज करता येईल.

वर सांगितलेला तो विद्यार्थी अखेर वर्गात परतला. गेल्या वर्षी त्याने मित्रांच्या मोबाइलमधून असली ॲपे शोधून काढण्याचे काम आपणहून केले. असे टेबल मांडावयाचे झाल्यास पहिल्या दिवशी कोण बसणार, असे मी वर्गात विचारले, तेव्हा पहिला हात त्याचाच वर झाला.